चौकात सांडलेली मिनिटे

जुन्या वाड्यात चौक ही सर्वांत मोकळी जागा असे. मध्ये तुळशीवृंदावन, एका अंगाला आड, उन्हात घातलेल्या कुरडया आणि त्यांच्यावर नजर ठेवून बसलेली आजी. गावातला चौक ही त्याचीच मोठी आवृत्ती. चार वाटा जिथे मिळतात तो चव्हाटा. तिथल्या पानठेल्यावर एकच वर्तमानपत्र दहा जण वाचत, निवडणुकीच्या सभा होत, सोयरिकीच्या गोष्टी निघत. माणसे चौकात आपखुशीने थांबत.

आजही माणसे चौकात थांबतात, पण नाइलाजाने. एक पाय जमिनीवर टेकलेला, अंगठा हॉर्नच्या बटणावर आणि नजर समोरच्या ऑटोच्या पाठीवर रंगवलेल्या ओळीवर. यवतमाळकरांना याचे वेगळे वर्णन करून सांगायला नको. दत्त चौक, बसस्थानक चौक, पाचकंदील चौक, आर्णी नाका ही नावे घेतली तरी पुरे. सकाळी साडेदहाला शाळेचे ऑटो, कचेरीला निघालेल्या दुचाकी, तालुक्याहून आलेली एसटी, भाजीची हातगाडी आणि मेडिकलकडे निघालेली रुग्णवाहिका अशी सारी मंडळी एकाच वेळी एकाच जागी पोचतात, आणि प्रत्येकाला वाटते की आपल्याखेरीज बाकी सगळे गर्दी करीत आहेत.

एखाद्याला विचारा, चौकात गर्दी किती असते? उत्तर येते, "लय असते जी." लय म्हणजे किती? तासाला किती वाहने गेली, त्यांतले प्रत्येक किती सेकंद खोळंबले, हे आकडे कोणाच्या तोंडी नसतात. मे महिन्यातले तापमान आपण दशांशात सांगतो, पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतो, कापसाचा भाव तर झोपेतून उठवले तरी सांगू. चौकात रोज सांडणाऱ्या मिनिटांचा हिशेब मात्र नसतो. ज्याचे माप नाही त्यावर भांडण तेवढे होते. दुचाकीवाला ऑटोवाल्याला दोष देतो, ऑटोवाला हातगाडीला, हातगाडीवाला नगरपरिषदेला आणि सगळे मिळून चौकात उभ्या असलेल्या पोलीस शिपायाला.

गंमत अशी की, ही मिनिटे मोजण्याचे शास्त्र जुने आहे, साधे आहे आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. शिवाय मोजले की असे दिसून येते की, दुखण्याचे मूळ पुष्कळदा चौकापासून पन्नास मीटरच्या आत असते.

आरे आणि तुंबा

बैलबंडीच्या चाकाचे सगळे आरे ज्या लाकडी ठोकळ्यात येऊन बसतात, त्याला तुंबा म्हणतात. यवतमाळची रचना तशीच आहे. धामणगाव, कळंब, पांढरकवडा, घाटंजी, आर्णी, दारव्हा या दिशांचे रस्ते आऱ्यांसारखे शहरात उतरतात. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती आणि यवतमाळ नगरपरिषदेच्या हद्दीतली १,१६,५५१. पुढे हद्द वाढली आणि वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा ही भोवतालची गावे शहरातच आली. वस्ती बाहेर पसरली. बाजार, बँका, कचेऱ्या मात्र बऱ्याचशा जुन्या मध्यवस्तीतच राहिल्या.

आकाराने शहर मध्यम, पण कामे साऱ्या जिल्ह्याची. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, महाविद्यालये, घाऊक बाजार. तालुक्याचा माणूस सातबाऱ्यापासून सलाईनपर्यंत सगळ्यांसाठी इथे येतो आणि येतो तो रस्त्यानेच. आपली शकुंतला सर्वांची लाडकी, पण ती नॅरोगेजची, संथ चालीची. मोठी गाडी धरायची तर धामणगाव गाठावे लागे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. तोवर अनेक पिढ्या साऱ्या जिल्ह्याचा भार रस्त्यांनी आणि त्या रस्त्यांच्या चौकांनीच वाहिला.

त्यात हंगाम. दिवाळीच्या सुमारास कापूस घरी आला की जिनिंगकडे बंड्या, ट्रॅक्टर आणि मालवाहू टेम्पो निघतात. नवरात्रात यवतमाळची दुर्गादेवी पाहायला गावोगावचे लोक लोटतात. हा उत्सव कोलकात्याच्या खालोखाल आपलाच, असे यवतमाळकर अभिमानाने सांगतात. वणीकडे गेलात तर कोळशाचे ट्रक. म्हणजे आपल्या चौकांवरचा भार महिन्यामहिन्याला आणि तासातासाला बदलतो. मे महिन्याच्या दुपारी ओस पडलेला चौक पाहून बेतलेली व्यवस्था नवरात्राच्या संध्याकाळी कशी टिकेल?

एक बंडी म्हणजे किती मोटारी?

मोजायला बसले की पहिली अडचण येते ती मापाची. सायकल, ऑटो, एसटी आणि बैलबंडी यांची बेरीज करायची कशी? आंबे आणि चिंचा एकत्र मोजण्यातला हा प्रकार. यावर रस्ते अभियंत्यांनी एक युक्ती काढली. एका मोटारीने अडवलेली जागा हे एक एकक धरायचे आणि बाकीची वाहने त्या मापात मोजायची.

इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ साली स्थापन झालेली संस्था देशातल्या रस्त्यांची मानके ठरवते. तिने १९९० मध्ये शहरी रस्त्यांसाठी दिलेल्या कोष्टकात मोटार म्हणजे १. दुचाकी वाहतुकीत पाच टक्क्यांपर्यंत असतील तर दुचाकी म्हणजे ०.५, दहा टक्के किंवा अधिक असतील तर ०.७५. ऑटोरिक्षा १.२ ते २. ट्रक किंवा बस २.२ ते ३.७. ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५. त्याच वर्षीच्या ग्रामीण रस्त्यांच्या कोष्टकात बैलबंडीला तर आठ मोटारींचा मान दिला आहे, लहान बंडीला सहाचा. बैल काही आठ मोटारींची जागा व्यापत नाहीत, पण त्यांच्या चालीने मागच्यांना चालावे लागते, त्याचा हा हिशेब.

कोष्टक उपयोगाचे आहे, पण ते वाचताना दोन गोष्टी खटकतात. भरलेल्या एसटीत पन्नास माणसे असतात आणि कोष्टकात तिची किंमत फार तर ३.७. मोटारीत पुष्कळदा एकच माणूस असतो आणि त्याची किंमत १. वाहने मोजली तर चार मोटारी एसटीपेक्षा वजनदार ठरतात. माणसे मोजली तर एका एसटीपुढे पन्नास मोटारी लागतील. दुसरी गोष्ट म्हणजे, पायी चालणाऱ्याला या कोष्टकात रकानाच नाही. दप्तर पाठीवर घेऊन रस्ता ओलांडणारी पोर आणि काठी टेकत चाललेले आजोबा यांची किंमत शून्य. चौक मोजणाऱ्याने ही उणीव मनात धरूनच वही उघडावी.

कंदिलापासून सूत्रापर्यंत

पाचकंदील चौकाच्या नावात कंदील आहे. जगातला पहिला वाहतूक सिग्नलही एक कंदीलच होता. १८६८ च्या डिसेंबरमध्ये लंडनला पार्लमेंटच्या इमारतीजवळ तो उभारला गेला. तो सुचवणारे जे. पी. नाइट हे रेल्वेचे अभियंते, म्हणून कल्पनाही रेल्वेच्या सिग्नलची. दिवसा वर-खाली होणारे हात आणि रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. ते फिरवायला एक शिपाई खाली उभा. महिनाभरातच गॅसचा स्फोट होऊन शिपाई भाजला आणि प्रयोग बारगळला. विजेचा सिग्नल यायला १९१४ साल उजाडले, तो अमेरिकेत क्लीव्हलंडला.

दिवे लागले, पण कोणत्या बाजूला किती सेकंद द्यायचे हे बराच काळ अंदाजानेच चाले. १९५८ मध्ये इंग्लंडच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या एफ. व्ही. वेब्स्टर यांनी त्याचे सूत्र मांडले. आपल्याकडे आजही सिग्नल बसवताना ते वापरले जाते. ते समजायला गणिताची भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्यांनी कापसाच्या बंडीसह रांगेत रात्र काढली आहे, त्यांना ते अर्धे ठाऊकच आहे.

राज्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, तेव्हाच्या केंद्रांवरच्या रांगा आठवा. काट्यावर तासाला वीस बंड्यांचे वजन होते आणि तासाला अठराच बंड्या येतात असे धरू. हिशेबाने रांग लागायला नको. तरी लागते. कारण बंड्या घड्याळ लावून येत नाहीत. गावेच्या गावे पहाटे निघतात आणि एकदम फाटकावर येतात. तोवर काटा रिकामा बसलेला असतो आणि मग त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. काट्याची ताकद आणि येणारा माल यांत अंतर जितके कमी, तितकी रांग लांब. अगदी जवळ आले की रांग नुसती वाढत नाही, फुगते.

चौकातला काटा म्हणजे थांबरेषेपाशी असलेली रस्त्याची रुंदी. आपल्याकडच्या मानकांत एक सोपा ठोकताळा आहे. हिरवा दिवा सलग तासभर जळला तर दर मीटर रुंदीमागे ५२५ मोटारींइतकी वाहतूक पार होते. साडेपाच मीटरपासून पुढच्या रुंदीला तो लागू आहे. म्हणजे नऊ मीटर रुंदीतून ४,७२५. आता त्या नऊ मीटरच्या कडेला ऑटो उभे राहिले, एक हातगाडी लागली, कोणी 'दोनच मिनिटांत येतो' म्हणून मोटार लावून औषध आणायला गेला आणि अडीच मीटर अडले. उरले साडेसहा मीटर, त्यातून ३,४१२. रस्ता कागदावर नऊ मीटरचाच राहिला. काट्याची ताकद मात्र चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली.

वेब्स्टर यांचे म्हणणे असे. प्रत्येक बाजूला येणारी वाहतूक भागिले तिथल्या काट्याची ताकद, असे अपूर्णांक काढा आणि बेरीज करा. हा झाला चौकाचा भार. दिवे बदलताना काही सेकंद कोणाच्याच कामी येत नाहीत. तेही मोजा. समजा ते एका फेऱ्यात दहा आहेत. मग भार ०.६ असेल तर सर्व बाजूंना एकदा हिरवा मिळण्याचा योग्य फेरा ५० सेकंदांचा येतो. भार ०.७५ झाला की ८० सेकंदांचा. आणि ०.९ झाला की २०० सेकंदांचा! भार दीडपट झाला आणि फेरा चौपट. 'कालपर्यंत ठीक होते, दिवाळी आली आणि एकदम कोंडले' या आपल्या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर इथे आहे. माणसे फार वाढलेली नसतात. चौक आधीच काठोकाठ भरलेला असतो.

पण हेच सूत्र उलटे वाचले तर मोठा दिलासा मिळतो. कोंडी सोडवायला अर्धी वाहने हटवावी लागत नाहीत. ०.९ चा भार ०.७५ वर आणायला वाहतुकीचा सहावा हिस्सा कमी झाला तरी पुरतो. आणि एकही वाहन कमी न करता काय करता येईल? वरच्या उदाहरणातले अडलेले अडीच मीटर चारही बाजूंनी मोकळे केले, साडेसहाचे पुन्हा नऊ झाले, तर ०.९ चा भार ०.६५ वर येतो आणि २०० सेकंदांचा फेरा ५७ सेकंदांवर. एक वीट न लावता.

वही, पेन्सिल आणि घड्याळ

हे आकडे उदाहरणाचे झाले. आपल्या चौकाचे खरे आकडे कसे काढायचे? कॅमेरे, संगणक, मोबाइलच्या नकाशावरच्या लाल रेघा ही साधने आता आहेत आणि ती वापरावीच. पण घरोघरच्या कॉलेजकुमारांना जमेल अशी एक जुनी पद्धत आहे. एका बाजूच्या रस्त्यावर दोघांनी उभे राहायचे. पहिल्याने दर पंधरा सेकंदांनी, त्या क्षणी उभी असलेली वाहने मोजून लिहायची. दुसऱ्याने थांबरेषा ओलांडून गेलेली एकूण वाहने मोजायची.

दहा मिनिटांत चाळीस नोंदी होतात. त्यांची बेरीज समजा ६०० आली. प्रत्येक नोंद पंधरा सेकंदांची, म्हणून ९,००० सेकंद वाया गेले. तेवढ्यात २०० वाहने पार झाली असतील तर प्रत्येकाचे सरासरी ४५ सेकंद सांडले. तासाला अशी १,२०० वाहने गेली तर एका तासात पंधरा तासांचे नुकसान, तेही एकाच बाजूचे. वाहनात किती माणसे आहेत हेही टिपले तर हिशेब माणसांचा होतो आणि एसटीला तिचे खरे वजन मिळते.

पंचेचाळीस सेकंद म्हणजे बरे की वाईट, यालाही मोजपट्टी आहे. अमेरिकेतल्या मार्गदर्शिकेत सिग्नलपाशी सरासरी दहा सेकंदांच्या आतली खोळंबा-वेळ उत्तम आणि ऐंशीच्या वर गेली की चौक नापास. भारतीय रस्त्यांसाठी केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१७ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका तयार झाली. आपल्या दुचाकी, ऑटो आणि मिसळीच्या वाहतुकीला परकी मापे जशीच्या तशी लागू पडत नाहीत, हे त्यामागचे कारण. यवतमाळात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे. स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांना याहून जिवंत प्रयोगशाळा कोणती मिळेल? एक साधा दिवस, एक बाजाराचा दिवस आणि एक कापसाच्या हंगामातला दिवस, असे तीन दिवस मोजले तरी चौकाचा स्वभाव कळतो.

पन्नास मीटरचा कायदा

मोजल्यावर करायचे काय? पहिली गोष्ट कायद्यातच लिहिलेली आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालविण्याच्या विनियमांनुसार चौकाच्या कडेपासून पन्नास मीटरपर्यंत वाहन उभे करता येत नाही. एसटी किंवा ऑटोचा थांबा चौकाच्या अलीकडे असेल तर तो थेट काट्याच्या तोंडात येतो. तोच चौक ओलांडून पुढे नेला तर प्रवाशाला चार पावले अधिक पडतात, पण मागची रांग सुटते.

दुसरी गोष्ट उजवीकडे वळण्याची. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजवीकडे वळणारा प्रत्येक जण समोरून येणाऱ्यांना आडवा जातो. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांच्या वाटा एकमेकींना छेदण्या-मिळण्याच्या बत्तीस जागा निघतात, तीन रस्त्यांच्या तिठ्यावर फक्त नऊ. म्हणून गर्दीच्या दोन तासांपुरते एखाद्या बाजूचे उजवे वळण बंद करून पुढच्या चौकातून फिरून यायला लावले, तरी पुष्कळ गाठी सुटतात.

तिसरी गोष्ट चौकातल्या वर्तुळाची. आपल्याकडे चौक म्हटला की मधोमध पुतळा किंवा कारंजे आणि भोवती वर्तुळ हे ठरलेले. वर्तुळ वाईट नाही. त्यात टकरीच्या जागा आठच राहतात. पण सर्व बाजू मिळून तासाला सुमारे ३,००० वाहनांपर्यंतच ते नीट चालते, असे आपली १९७६ ची मानके सांगतात. शिवाय ते चालते एकाच नियमावर. वर्तुळात आधीच असलेल्याला आधी जाऊ द्यायचे. इंग्लंडमध्ये हा नियम १९६६ पासून सक्तीचा झाला आणि तुंबणारी वर्तुळे वाहू लागली. आपल्या २०१७ च्या विनियमांतही तो आहे. आपण मात्र आत शिरायची घाई करतो, बाहेर पडणारा अडतो आणि सगळे वर्तुळ गोठते.

चौथी गोष्ट वेळेची. सकाळी साडेदहाचा, दुपारी दोनचा आणि नवरात्रात रात्री नऊचा चौक हे तीन वेगळे चौक आहेत. त्यांना सिग्नलच्या एकाच वेळा लावून चालत नाही. दोन चौकांतले अंतर ५०० मीटर असेल तर ताशी ३० किलोमीटरने ते साठ सेकंदांत तुटते. पुढचा हिरवा दिवा मागच्यानंतर साठ सेकंदांनी लावला, तर तीच रांग दुसऱ्यांदा थांबत नाही. शाळा आणि कचेऱ्या यांच्या वेळांत पंधरा-वीस मिनिटांचे अंतर ठेवले तर दिव्यांशिवायही सहावा हिस्सा कमी होऊ शकतो.

हॉर्नने मात्र काहीच होत नाही. मुंबई पोलिसांनी यावर एक मिश्कील उपाय योजला. त्याची चित्रफीत २०२० च्या जानेवारीत देशभर गाजली. सिग्नलला आवाजमापक जोडला आणि हॉर्नचा गलका ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू! जास्त वाजवा, जास्त थांबा. ही शिक्षा अवघ्या मुंबईला झाली नाही, पण हॉर्नने दिवा हिरवा होत नाही एवढे तरी लोकांच्या ध्यानात आले.

पुलाचा मोह

चौक कोंडला की पुढाऱ्यांना आणि आपल्यालाही पहिल्यांदा उड्डाणपूल आठवतो. मोठ्या शहरांत काही ठिकाणी तो लागतोच. पण पुण्याचा धडा ध्यानात ठेवावा. तिथल्या विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल बांधून पंधरा वर्षे होतात न होतात तोच, २०२० मध्ये मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी पाडावे लागले. ज्याने कोंडी सुटायची, तोच पुढच्या योजनेच्या वाटेत आला. पूल वाहतूक नाहीशी करीत नाही, पुढच्या चौकात नेऊन सोडतो. यवतमाळसारख्या शहरात, जिथे आरे तुंब्यात येतात आणि बहुतेकांना तुंब्यातच काम असते, तिथे पुलावरून जाणार कोण आणि कुठे? वळणरस्ताही बाहेरच्या बाहेर जाणाऱ्यांनाच उपयोगी. बाजारात येणारा त्यावरून जाणार नाही. म्हणून कोण कुठून येतो आणि कुठे जातो, ही विचारपूस आधी व्हावी आणि खर्चाचे आकडे मागून यावेत.

कोपरा कोणाचा?

मात्र 'कोपरा मोकळा करा' हे लिहायला जितके सोपे तितके करायला नाही. त्या अडीच मीटरमध्ये कोणाचे तरी पोट असते. फळांची गाडी चौकात लागते, कारण गिऱ्हाईक चौकात येते. ऑटोवाला कोपऱ्यावर थांबतो, कारण एसटीतून उतरलेली बाई कडेवर पोर आणि हातात बोचके घेऊन पन्नास मीटर चालत येईल याची त्याला खात्री नसते. तीन दिवस मोहीम काढायची, गाड्या जप्त करायच्या, वर्तमानपत्रात फोटो छापून आणायचे आणि चौथ्या दिवशी सगळे जैसे थे, हा खेळ आपण पुष्कळ पाहिला. त्याने चौकही सुटत नाही आणि गरिबाचे नुकसान मात्र होते.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने याला एक रीतसर वाट दिली आहे. विक्रेत्यांची मोजणी, नगर पथविक्रेता समिती, तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी आणि विक्रीसाठी ठरवून दिलेल्या जागा. चौकापासून साठ-सत्तर मीटरवर, माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेतच पक्की जागा मिळाली तर रोज हुसकावणी सोसत कोपऱ्यावर उभे राहायची हौस कोणाला आहे? ऑटोंनाही तेच लागू. आणि खरे सांगायचे तर, कोपरा अडवणाऱ्यांत आपली 'दोनच मिनिटे' लावलेली मोटार आणि दुचाकी कमी नसते. हातगाडीवाला निदान पोटासाठी उभा असतो.

ज्यांना रकाना नाही

एवढा हिशेब कशासाठी, चार मिनिटे गेली तर गेली, असे कोणी म्हणेल. चार मिनिटे प्रत्येकाची सारखी नसतात. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. उमरखेड, झरी, मारेगावसारख्या लांबच्या तालुक्यांतून गंभीर रुग्ण यवतमाळच्या रुग्णालयाकडे निघाला की शंभर-शंभर किलोमीटरचा रस्ता गाडी भरधाव कापते आणि शेवटच्या दोन किलोमीटरांत चौकात अडते. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने दहा हजार रुपयांचा दंड ठेवला आहे. पण वाट द्यायची इच्छा असून सरकायलाच जागा नसेल तर दंड कोणाला करायचा? मोकळा ठेवलेला अडीच मीटरचा पट्टा त्या क्षणी एखाद्या घराचा कर्ता माणूस वाचवू शकतो.

आणि पायी चालणारा. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची सुमारे ४४ टक्के होती आणि पायी चालणारी १९ टक्क्यांहून अधिक. म्हणजे दर पाचांतला जवळजवळ एक जण रस्त्यावर फक्त चालत होता. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरून रस्ता ओलांडायची वेळ काढतात. पंधरा मीटरच्या रस्त्याला साडेबारा सेकंद. गुडघे दुखणाऱ्या आजींचा वेग ०.८ धरला तर त्यांना एकोणीस लागतात. त्या साडेसहा सेकंदांत त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या असतात आणि समोरचा दिवा हिरवा झालेला असतो. मध्यावर थांबायला फूटभर उंच ओटा, ठळक रंगवलेले पट्टे आणि आजींच्या चालीने लावलेला दिवा यांना कोट्यवधी रुपये लागत नाहीत. मोटारींची रांग लवकर संपवण्याच्या नादात हे सेकंद कापले, तर चौक सुटला असे कागदावर दिसेल, पण आजी घराबाहेर पडायच्या बंद होतील.

म्हणून मागणी करायची तर ती मोजणीपासून करावी. नगरपरिषद, वाहतूक पोलीस, एसटी आणि महाविद्यालये यांनी मिळून शहरातल्या पाच चौकांची वर्षातून तीनदा मोजणी करावी. एकदा कापसाच्या हंगामात, एकदा नवरात्रात आणि एकदा शाळा उघडल्यावर. वाहनांबरोबर माणसेही मोजावीत आणि पायी रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी कोष्टकात नसलेला तो रकाना आपणच आखावा. मग एका चौकाचे पन्नास मीटर महिनाभर मोकळे ठेवून, तिथल्या विक्रेत्यांना आणि ऑटोंना आधी जागा देऊन, पुन्हा मोजावे. दोन्ही वेळचे आकडे त्याच चौकात फलकावर लिहावेत. पूर्वी सरासरी किती सेकंद थांबावे लागे, आता किती. आकडा उतरला तर पुढचा चौक घ्यावा, उतरला नाही तर उपाय बदलावा. पानठेल्यावरच्या मंडळींनाही निवडणुकीखेरीज वाद घालायला एक विषय मिळेल आणि तोही यावेळी आकड्यांनिशी.